हिमयुगानं मासे कंगाल केले, हे अर्धंच खरं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हिमयुग आणि माशांवरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आधी थँक्स, नाहीतर हिमयुग म्हटलं की मॅमथच्या पुढे कुणी जातच नाही. पण हेडिंगमध्ये हिमयुगानं उत्तरेकडचे मासे जनुकीयदृष्ट्या कंगाल केले असं ठोकून दिलंय आणि शेवटी उपाय सांगितलाय की अशा तळ्यांत बाहेरून वेगळ्या वंशाचे मासे आणून सोडा म्हणजे विविधता वाढेल. हे वाचून राहवलं नाही. मी काही प्रोफेसर नाही, वाचायचा नाद आहे एवढंच, तरी लिहितो.

कंगाल हा शब्द सगळाच चुकीचा नाही, ते आधी मान्य करतो. साधारण 20 हजार वर्षांपूर्वी बर्फ सगळ्यात जास्त पसरला होता तेव्हा जवळजवळ सगळा कॅनडा आणि युरोपचा उत्तर भाग त्याखाली होता, काही ठिकाणी थर 3 किलोमीटर जाड, आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली. म्हणजे त्या भागात आज जी तळी आहेत ती तेव्हा नव्हतीच, तिथला प्रत्येक मासा बर्फ गेल्यावर आलेला. तोवर ते होते कुठे तर बर्फाच्या कडेकडेनं, कुणी मिसिसिपीच्या खोऱ्यात, कुणी अलास्का आणि सैबेरियाच्या मधल्या बेरिंजिया या तेव्हाच्या जमिनीच्या पट्ट्यात, कुणी अटलांटिकच्या बाजूला. बर्फ वितळायला लागला तसे त्याच्या काठानं प्रचंड सरोवरं तयार झाली, त्यातलं अगासिझ सरोवर तर आजची पाचही ग्रेट लेक्स एकत्र केली तरी त्याहून मोठं, आणि याच पाण्यातून मासे उत्तरेला सरकत गेले, मग पाणी ओसरलं, वाटा बंद झाल्या, जो जिथे होता तो तिथेच अडकला.

आता यात होतं काय की सगळा कळप कधीच पुढे जात नाही. आघाडीवरचे थोडेच मासे नव्या तळ्यात पोचतात, त्यांचीच पिल्लं तळं भरून टाकतात आणि मागून येणाऱ्याला जागा उरत नाही. पुढच्या तळ्यात त्यातलेही थोडेच, असं करत करत प्रत्येक मुक्कामाला काही जीन गळतात. लुई बर्नाशे आणि ख्रिस विल्सन या संशोधकांनी 1998 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच जातींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे आईकडून येणारा, शेजारी शेजारी मांडून बघितला तर साधारण 46 अंश उत्तरेच्या वर विविधता एकदम घसरलेली दिसली. इथवर तुमचा लेख बरोबर.

गडबड पुढे आहे. ही विविधता मोजली ती एका तळ्याच्या आत. एका तळ्यातले दोन मासे एकमेकांसारखे आहेत हे झालं एक, पण या तळ्यातला मासा आणि डोंगरापलीकडच्या तळ्यातला मासा यांच्यात किती फरक आहे हा पूर्ण वेगळा प्रश्न आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा उलटं येतं. वाटेत कुठले जीन गळायचे हे मुख्यतः नशिबावर असल्यामुळे प्रत्येक तळ्यात वेगळे गळतात, वेगळे उरतात. म्हणजे घर एकेक बघितलं तर सामान थोडं, पण दोन घरांतलं सामान सारखं नाही. लेखात पहिल्याच आकड्यावर निकाल देऊन टाकलाय.

आणि बाहेरचे मासे आणून मिसळायचा प्रयोग म्हणाल तर तो निसर्गानं आधीच करून ठेवलाय की. व्हाइटफिश नावाचा मासा हिमयुगात वेगवेगळ्या आसऱ्यांमध्ये तुटून राहिला होता. त्यातले दोन वंश साधारण 12 हजार वर्षांपूर्वी अमेरिकेच्या मेन राज्यात आणि लगतच्या कॅनडात काही तळ्यांमध्ये पुन्हा समोरासमोर आले. आता वाटेल की मिसळून एक झाले असतील, तर नाही. अशा काही तळ्यांत आजही दोन प्रकार नांदतायत, एक मोठा, तळाशी खाणारा, 40 सेंटिमीटरच्या पुढे जाणारा, आणि एक ठेंगू, वरच्या पाण्यात प्लवक म्हणजे तरंगते बारीक जीव खाणारा, जो 20 सेंटिमीटर पण क्वचितच ओलांडतो आणि एक-दोन वर्षांतच वयात येतो. दोघांचा संकर करून बघितला तर अंड्यातच भ्रूण मरायचं प्रमाण जास्त निघालं. इतका काळ वेगळे राहिल्यावर दोघांच्या जीनचं आपसात नीट जुळेना. तुमच्या लेखातल्या उपायाला याहून सरळ उत्तर मला तरी सुचत नाही.

दुसरं उदाहरण आयर्लंडमधल्या लॉक मेल्विन या सरोवराचं. तिथे एकाच पाण्यात तीन तऱ्हांचे ब्राउन ट्राउट आहेत: सोनाहन, गिलारू आणि फेरॉक्स. गिलारू म्हणजे आयरिशमध्ये तांबडा गडी, सोनेरी अंगावर लालभडक ठिपके, हा गोगलगायी शिंपल्यासकट खातो म्हणून याच्या पोटाची भिंत जाडजूड झालेली असते. सोनाहनचे पर काळपट, तो उघड्या पाण्यात बारीकसारीक खाणार. फेरॉक्स दांडगा, दुसरे मासेच खातो. पूर्वी लोकांना वाटायचं एकच मासा आहे, खाण्यानुसार रंगरूप बदलतं. पण बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू फर्ग्युसन यांनी 1980 च्या आसपास प्रथिनं तपासून दाखवलं की तिघं वेगळे आहेत आणि अंडी घालायला पण वेगवेगळ्या जागी जातात, गिलारू सरोवरातून बाहेर पडणाऱ्या नदीत, सोनाहन आत येणाऱ्या छोट्या नद्यांत. ही तिन्ही मंडळी बर्फ गेल्यानंतर वेगवेगळ्या वेळी आलेल्या वंशांची आहेत असं मानतात. आता इथे कुणी हॅचरीतले, म्हणजे कृत्रिमरीत्या पैदास केलेले, ट्राउट आणून ओतले तर नोंदवहीत विविधता वाढली असं लिहिता येईलही, पण तांबडा गडी उरेल का?

स्टिकलबॅकबद्दल लेखात एक ओळ पण नाही याचं मला फार वाईट वाटलं कारण या विषयातला हिरो तोच. बोटाएवढा समुद्री मासा, दोन्ही कुशींना हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत. मी एकदा दोन माशांचे फोटो शेजारी ठेवून बघत बसलो होतो, हाडं दिसावीत म्हणून लाल रंग दिलेले. समुद्रातल्याच्या एका कुशीला पट्ट्या मोजायला पेन्सिलचं टोक फिरवावं लागलं, तिसाच्या वर भरल्या. तळ्यातल्याला डोक्याजवळ मोजून सहा, पुढे शेपटीपर्यंत नुसती कातडी. बर्फ गेल्यावर हा मासा हजारो तळ्यांत शिरला आणि बहुतेक ठिकाणी चिलखत उतरवून मोकळा झाला, तेही जास्त करून ईडीए या एकाच जीनच्या एकाच जुन्या प्रकारामुळे. जुना म्हणजे किती तर 20 लाख वर्षांच्या आसपासचा. समुद्रातल्या थोड्याशा माशांमध्ये तो गुपचूप वाहत येतो आणि गोडं पाणी मिळालं की तळ्यागणिक वर येतो. म्हणजे प्रत्येक वेळी नवीन म्युटेशनची वाट बघत बसायला लागलं नाही, माल गोदामात होताच. आणि याला हजारो वर्षं लागतात असंही नाही. अलास्कात लोबर्ग नावाच्या तळ्यातले मासे 1982 मध्ये विष घालून मारले होते, नंतर समुद्रातले स्टिकलबॅक आपण होऊन शिरले. 1990 मध्ये बहुतेक सगळे पूर्ण चिलखतातले, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यातले बहुतेक कमी पट्ट्यांचे! हे कळलं तेव्हा मी दोनदा तारखा तपासल्या होत्या.

म्हणून म्हणतो, गोदाम रिकामं होता कामा नये. हा मूळ साठा समुद्रात, जुन्या आसऱ्यांत आणि वेगवेगळ्या तळ्यांत विखुरलेला आहे, एका ठिकाणी नाही, त्यामुळे सगळीकडे एकच हॅचरीचा मासा सोडत सुटलो तर विखुरलेपणच जातं. बाहेरून मासे आणणं कधीच नको असं मी म्हणत नाही, एखाद्या ठिकाणी मूठभर मासे उरलेत, आपापसात वीण होऊन पिल्लं कमजोर निघतायत, तिथे बाहेरचं रक्त लागेल. पण ते आजारी माणसाला सलाईन लावण्यासारखं आहे, धडधाकट माणसाला रोज कोण लावतं?

जाता जाता चौकटीतली एक चूक. तिथे हिमयुग 11 हजार वर्षांपूर्वी संपलं असं छापलंय. तेव्हा संपला तो शेवटचा थंड टप्पा. हिमयुग 26 लाख वर्षांपूर्वी सुरू झालं आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकावर बर्फाची चादर आहे तोवर तांत्रिकदृष्ट्या ते चालूच आहे, आपण दोन थंड टप्प्यांच्या मधल्या उबदार सुट्टीत आहोत. तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी ही विनंती.

आपला,
एक नेहमीचा वाचक