बैठकीच्या खोलीत जांभया का येतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कर्मचाऱ्यांच्या कामाचा वेग वाढवायचा ठरले की बहुतेक कार्यालयांत आधी फर्निचरवाल्याला बोलावणे जाते. रंगीत भिंती, बीनबॅग, कोपऱ्यात कुंड्या. हवेचे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढून, गार करून पुन्हा खोलीत सोडतो; बाहेरची हवा आत घेत नाही. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत सहा जण दार लावून बसले, की या वायूचे प्रमाण तासाला ३००० पीपीएमने (म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत ३००० भागांनी) चढते. बाहेरच्या हवेत ते सुमारे ४२० असते. म्हणजे १००० ची पातळी, जिच्यापुढे खोली कोंदट धरतात, १२ मिनिटांत गाठली जाते. फटींमुळे थोडा वेळ जास्त लागेल, एवढेच. मग डोके जड होते, चर्चा रेंगाळते आणि खापर फुटते दुपारच्या जेवणावर.

हा वायू मोजणारा मीटर घ्यायचा तर एनडीआयआर सेन्सरचाच, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट हाच वायू मोजणारा, घ्यावा. स्वस्तातले अनेक मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात. कोणी सॅनिटायझर चोळले तरी आकडा उडी मारतो. मीटर आधी उघड्यावर ठेवून ४२० च्या आसपास दाखवतो का ते पाहावे. खोलीत तो बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्याही तोंडापासून किमान एक मीटर दूर असावा.

आकडा चढत असेल तर एक्झॉस्ट पंखा लावतात, पण हवा आत यायला वाटच ठेवत नाहीत. पंखा गरगरतो, हवा जागची हलत नाही. पंख्याच्या समोरच्या बाजूला खिडकीची फट किंवा जाळी हवीच. पंखा एसीच्या झोतात बसवला तर गारवा तेवढा बाहेर जातो. हे काहीच जमण्यासारखे नसेल, तर दोन बैठकांच्या मध्ये दहा मिनिटे दार-खिडकी सताड उघडी ठेवावी.

उजेडाचे गणित त्या मानाने सोपे. टेबलावर ५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) पुरेत. स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवावी; खिडकी पाठीमागे आली की स्क्रीनवर तिचे प्रतिबिंब पडते, समोर आली की डोळे दिपतात. लॅपटॉप स्टँडवर चढवला तर कीबोर्ड वेगळा घ्यावा, नाहीतर मान सुटते आणि खांदे अडकतात.

राहता राहिला गोंगाट. पंख्याच्या घरघरीपेक्षा शेजारच्याचे कळणारे बोलणे जास्त छळते, कारण शब्द कळले की मन तिकडे ओढले जातेच. पार्टिशन बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, निदान १.४ मीटर असावे. पण छत गुळगुळीत सिमेंटचे असेल तर आवाज त्यावर आपटून पलीकडे उतरतो. पार्टिशनवर पैसे घालण्याआधी छताला ध्वनिशोषक फरशा लावाव्यात. आणि दिवसभर फोनवर बोलणाऱ्यांना हिशेबाच्या टेबलांशेजारी बसवू नये. त्याला तर खर्चही येत नाही.

आपला,
एक वाचक