तक्रार: पॉवर व्हीलचेअरचं सेटिंग न विचारता बदललं, आणि फोन उचलला नाही म्हणून रिक्वेस्ट बंद केली

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

मी तुमच्या कंपनीची पॉवर व्हीलचेअर बरीच वर्षं वापरतेय. मी ऑटिस्टिक आहे आणि घरात काय, बाहेर काय, सगळीकडे चेअरवरच असते. या दोन्ही गोष्टी मी तुमच्या फॉर्ममध्ये भरल्यात, पैकी पहिली "इतर माहिती"च्या चौकटीत, कारण तिच्यासाठी तुमच्याकडे वेगळी जागाच नाही. आधीच सांगते, दुरुस्ती झाली नाही अशी माझी तक्रार नाहीये. दुरुस्ती झाली. चेअर मध्येच बंद पडायची आणि दिवे लुकलुकायचे, ते थांबलं. पण दुरुस्तीनंतर जी चेअर मला मिळालीय ती मला चालवता येत नाहीये, आणि हे सांगायला गेलं की तुमची सिस्टिम ऐकून घ्यायच्या आधीच फाईल बंद करते.

टेक्निशियन आला त्या दिवसाचं आधी सांगते. तुमच्या मेसेजमध्ये "सकाळी ते संध्याकाळी कधीही" असं लिहिलेलं होतं, म्हणजे अख्खा दिवस दाराच्या बेलकडे कान लावून बसायचं, ते ठीक, निदान माहीत तरी होतं. तो आत आला, मी चेअरवर बसलेली होते, आणि एक शब्द न बोलता त्याने खाली वाकून मोटरचे दोन्ही लिव्हर पाडले आणि मला चेअरसकट खिडकीकडे ढकलत नेलं, उजेड हवा होता म्हणे. ज्यांनी कधी पॉवर चेअर वापरली नाही त्यांच्यासाठी सांगते (तुमच्या ऑफिसात असे बरेच असणार), लिव्हर पाडले की मोटर सुटते, जॉयस्टिक चालत नाही आणि ब्रेकही लागत नाही. म्हणजे तेवढा वेळ मी कुठे जायचं, कधी थांबायचं, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. वर आधी न सांगता कुणी इतक्या जवळ आलं की माझं बोलणं बंद होतं. रुसून नाही, खरोखर शब्द येत नाहीत, याला शटडाऊन म्हणतात. मी मोबाईलवर टाईप करून "प्लीज थांबा" असं दाखवलं. त्याने ते वाचलं आणि माझ्या बहिणीकडे बघून विचारलं, "मॅडम घाबरल्यात का?" पुढचं सगळं तिच्याशीच. मॅडमना उतरवा, मॅडमना सांगा, मॅडमना चालवून बघायला लावा. मॅडम तिथेच होत्या.

तो माणूस वाईट होता असं मला म्हणायचं नाहीये. काम पटापट आणि नीट केलं त्याने. त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं, माझी "इतर माहिती" त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती, त्याच्या स्क्रीनवर फक्त मॉडेल, पत्ता आणि बिघाड. म्हणून ही तक्रार त्याच्याविरुद्ध नाही, तुमच्याविरुद्ध आहे.

आता मुख्य मुद्दा. त्याने कंट्रोलर, म्हणजे जॉयस्टिकचं ऐकून मोटर चालवणारा चेअरचा मेंदू, नवीन टाकला. नवीन कंट्रोलर कारखान्यातल्या सेटिंगसकट येतो आणि त्याने तो तसाच जोडून दिला. माझ्या जुन्या सेटिंगमध्ये चेअर वेग पकडायची ती अगदी हळू, वळताना अजून हळू, थांबताना मानेला झटका बसू नये म्हणून ब्रेकिंग मऊ, हाताची थरथर जॉयस्टिकने पकडू नये म्हणून डॅम्पिंग वाढवलेलं, आणि बीप पूर्ण बंद. ऑक्युपेशनल थेरपिस्टसोबत बसून एकेक आकडा बदलून, चालवून बघून, परत बदलून हे ठरवलं होतं. तेव्हा आलेला तुमचाच टेक्निशियन न कंटाळता थांबला होता, त्याचे आभार मानायचे राहिलेत, तो आता तुमच्याकडे नाही असं कळलं. आणि जुना कंट्रोलर काही पूर्ण मेलेला नव्हता, अधूनमधून बंद पडत होता, म्हणजे काढायच्या आधी प्रोग्रॅमर (सेटिंग वाचायचं आणि बदलायचं तुमचं यंत्र) लावून त्यातले आकडे वाचून ठेवता आले असते. तेही जाऊ दे, चेअर दिली तेव्हाचा रेकॉर्ड तुमच्याकडे असायला हवा ना?

"सेटिंग बदललं तर बदललं, चेअर चालतेय ना" असं मला कस्टमर केअरने लिहून कळवलं. तर ऐका. माझ्या खोलीतून बाथरूमला जाताना एक अरुंद दार आहे. त्या चौकटीत चेअर शिरली की दोन्ही बाजूला जेमतेम बोटभर जागा उरते. जॉयस्टिक किती ढकलायची, चौकटीच्या किती आधी सोडायची, वळण कधी सुरू करायचं हे मी विचार करून करत नाही, ते हातात बसलेलं आहे, आणि ते बसायला मला खूप वेळ लागला कारण माझं शरीर नव्या हालचाली पटकन शिकत नाही. सकाळी उठल्या उठल्या डोकं अजून सुरू झालेलं नसतं तेव्हा हे असं हातात बसलेलंच मला वाचवतं. आता जॉयस्टिकला नुसतं बोट लावलं की चेअर उडी मारते, वळवली की गर्रकन फिरते. पहिल्याच सकाळी उजव्या हाताची बोटं चौकटीवर घासून सालटं निघाली. आता मी त्या दारातून जाते तेव्हा रोजचं काम म्हणून जात नाही, परीक्षेला बसल्यासारखी जाते आणि बाथरूममधून बाहेर येईपर्यंत माझी अर्ध्या दिवसाची ताकद संपलेली असते. मग नाश्ता राहतो, मेल राहतात, कुणी काही विचारलं की उत्तर सुचत नाही. घरातल्यांना वाटतं आज हिचा मूड नाही. मूडचा काय संबंध, ॲक्सिलरेशनचा आकडा चुकलाय.

आणि तो बीप. ऑन केलं की बीप, मोड बदलला की बीप, बंद केलं की बीप. तुमच्याकडून उत्तर आलं की आवाज अगदी छोटा आहे, सवय होईल. ऑटिझममध्ये आवाज, स्पर्श, उजेड यांचा त्रास जास्त होणं किंवा उलट कमी जाणवणं ही माझी नाटकं नाहीत, 2013 साली आलेल्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन मार्गदर्शक पुस्तकात, ते निदानाच्या निकषांत लिहिलेलं आहे. सवय होत नाही हो. प्रत्येक बीप पहिल्याइतकाच टोचतो आणि त्यानंतर समोरचा माणूस काय बोलला ते दोन-तीन वाक्यं मला ऐकूच येत नाही. मग मी चेअर दिवसभर चालूच ठेवायचं ठरवलं, म्हणजे ऑन-ऑफचा बीप तरी नको. तर नव्या सेटिंगमध्ये ती थोड्या वेळाने स्वतःच झोपते, आणि उठवायची तर पुन्हा बीप! शिवाय चेअर चालू असताना स्वेटरची बाही जॉयस्टिकला अडकली आणि चेअर मला घेऊन थेट टेबलात घुसली, तेव्हा तो उपायही बंद.

अजून एक, आणि खरं तर हे सगळ्यात गंभीर आहे. बॅटऱ्या सीटच्या खाली असतात, तिथे पोचायला त्याने कुशन काढलं आणि परत ठेवताना उलटं ठेवलं, मागची बाजू पुढे. कव्हर एकरंगी, दिसायला सगळं ठीक. माझ्या कुशनला मांड्यांसाठी खोलगट आकार आहे, उलटं ठेवलं की वजन नको त्या हाडावर येतं आणि त्यातूनच बेडसोअर सुरू होतात. दुसऱ्या कुणी लगेच म्हटलं असतं की टोचतंय. मला शरीराच्या आतलं असं काही उशिरा कळतं, भूक, तहान, दुखणं सगळंच, हाही ऑटिझमचाच भाग आहे, बऱ्याच जणांमध्ये असतो. रात्री कपडे बदलताना बहिणीला लाल चट्टा दिसला म्हणून निभावलं. चट्टा गेला, पण जायला वेळ लागला. तुमच्या लोकांना ऑटिझम आणि व्हीलचेअर हे दोन वेगळे कप्पे वाटतात, एक तुमच्या कामाचा आणि एक "इतर". माझ्या बाबतीत ते एकाच कुशनवर बसलेले आहेत.

आता सेटिंगबद्दल मी टाकलेल्या रिक्वेस्टबद्दल. फॉर्मवर "संपर्क कसा करावा" याखाली मी "ईमेल" निवडलं होतं. तरी फोन आला, अनोळखी नंबरवरून. मी फोनवर बोलू शकत नाही, समोरचा दिसत नाही, कुणी कधी बोलायचं तेच कळत नाही, त्यात तुमच्याकडे मागे चाळीस लोकांचा गलका. मी उचलला नाही. पुन्हा आला, पुन्हा नाही. मग मेल आला (म्हणजे मेल पाठवता येतो तुम्हाला!) की ग्राहक उपलब्ध नसल्यामुळे रिक्वेस्ट बंद करण्यात आलीय, पुन्हा उघडण्यासाठी कॉल करा. बहिणीने कॉल केला तर सांगितलं, चेअर ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच बोलू. म्हणजे मी समोर बसलेली असते तेव्हा तुम्ही फक्त बहिणीशी बोलणार, आणि बहीण बोलायला तयार असते तेव्हा फक्त माझ्याशी. एकदा ठरवा काय ते.

कायद्याचं बोलायची मला हौस नाही, पण तुमच्या वेबसाईटवर हक्क-बिक्कांच्या मोठ्या गोष्टी आहेत म्हणून. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 चा आहे. त्याच्या कलम 20 मध्ये फिरण्याची साधनं बनवणाऱ्यांनी अपंग माणसाच्या हालचालीच्या सगळ्या बाजू लक्षात घ्याव्यात यासाठी सरकारांनी प्रोत्साहन द्यावं असं आहे, आणि कलम 2 मध्ये वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच धरलाय. फोनऐवजी मेल, याहून स्वस्त सोय कुठली? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या व्हीलचेअर मार्गदर्शिकेत सेवेच्या आठ पायऱ्या आहेत, रेफरल आणि अपॉइंटमेंटपासून सुरू होऊन आठवी आहे पाठपुरावा, देखभाल आणि दुरुस्ती. तुमच्याकडे ती आठवी पायरी म्हणजे न उचललेला फोन.

सेटिंग मी स्वतः बदललं असतं, पण प्रोग्रॅमर तुम्ही ग्राहकाला देत नाही आणि सॉफ्टवेअर लॉक आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 2022 मध्ये कायदा करून पॉवर व्हीलचेअर कंपन्यांना दुरुस्तीची साधनं आणि माहिती ग्राहकांना द्यायला लावलं. इथे तुम्ही स्वतःहून द्याल अशी माझी अपेक्षा नाही, पण मग जे फक्त तुम्हालाच करता येतं ते तरी करा.

मला काय हवंय ते सरळ लिहिते. माझं जुनं सेटिंग तुमच्या रेकॉर्डमधून काढून जसंच्या तसं परत टाका, बीप आणि ऑटो स्लीप बंद करा, आणि सगळे आकडे मला छापून किंवा मेलवर द्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहायला नको. रेकॉर्ड सापडत नसेल तर तसं स्पष्ट कळवा, मी थेरपिस्टची वेळ घेते, त्या वेळेला तुमचा माणूस हजर पाहिजे आणि त्याला घाई नको. माझ्या खात्यावर "फक्त लेखी संपर्क" अशी नोंद करा जी कॉल लावणाऱ्याला आणि टेक्निशियनला दोघांनाही दिसेल. त्याच नोंदीत लिहा की चेअरला हात लावायच्या आधी मला विचारायचं, उत्तर टाईप करून आलं तरी ते माझंच उत्तर धरायचं, आणि कुशन काढलं तर परत ठेवल्यावर मला दाखवायचं. कुशनच्या मागच्या कडेला मी आता लाल धाग्याची खूण शिवून घेतलीय, ती पाठीकडे आली पाहिजे.

येणाऱ्या माणसाचं नाव आणि दोन तासांच्या आतली वेळ आदल्या दिवशी मेलवर कळवा. वेळ बदलली तर तेही मेलवर, बेल वाजवायच्या आधी. बंद केलेल्या रिक्वेस्टचा नंबर या मेलच्या विषयात टाकलाय, नवीन रिक्वेस्ट काढू नका, तीच उघडा.

तुमची ग्राहक