आशाताई, तुमचे मनापासून आभार

आदरणीय आशाताई,
सप्रेम नमस्कार.

बाळ आता घरभर रांगतंय, हाताला लागेल ते तोंडात घालतंय. तुमचे आभार घरी मानून झाले, तरी चार लोकांत सांगावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात नीट झालं होतं. सातव्या दिवशी तुम्ही, आपल्या गावच्या आशा (आरोग्यसेवेच्या स्वयंसेविका), घरी आलात. कोपरापर्यंत हात धुतलेत, बाळाच्या काखेत थर्मामीटर लावलात, झोळीत घालून वजन केलंत. मग झबलं वर करून, घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजलेत. ६० च्या वर भरले. पुन्हा मोजलेत, तरी तेच. श्वास घेताना छाती आत ओढली जात होती, ती मला बोटाने दाखवलीत. मला तर बाळ नुसतं झोपाळू वाटत होतं. सासूबाई म्हणाल्या, सकाळी बघू. तुम्ही "आत्ताच निघायचं" म्हणालात आणि लगेच सरकारी रुग्णवाहिकेच्या १०२ नंबरला फोन लावलात.

जिल्हा रुग्णालयात बाळ काचेच्या पेटीत होतं, तोवर औषधं, ऑक्सिजन, तपासण्या, कशालाही पैसे पडले नाहीत. परतीची गाडीही सरकारी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून हा आपला हक्क आहे, हे तुम्हीच समजावलंत. नाहीतर आम्ही मजुरी करणारी माणसं, खासगीत गेलो असतो तर जन्मभर कर्ज फेडत बसलो असतो.

गावातल्याच बाईने घरी येऊन नवजात बाळ तपासायचं, ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली. पुढे सरकारने ती आशांच्या हाती देशभर दिली. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. या सहाही भेटींचा मिळून तुमचा मोबदला २५० रुपये, आणि तोही महिनोन्‌महिने अडकतो! हे कळलं त्या दिवशी घास उतरला नाही. २०२३ साली आशा संपावर का गेल्या, हे आता मी बायकांना स्वतः सांगते.

सरकारचा पैसा माझ्या बाळापर्यंत पोहोचला तो तुमच्यामुळे. तुमच्या हक्काचा पैसाही तुमच्यापर्यंत वेळेवर पोहोचला पाहिजे. येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडणार आहे. बचतगटातल्या सगळ्या जणी सोबत आहेत.

तुमची,
बाळाची आई