उस्ताद, तुम्ही बाहेर कोडं सोडवत बसायचात त्याबद्दल

उस्ताद (फौजेत शिकवणाऱ्याला आम्ही असंच म्हणतो), नमस्कार.

मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. तुम्हाला आवडणार नाही माहितीय, पण आत्ता कोणीतरी माझ्यासारखाच रात्री दोनला मोबाईल घेऊन जागा असेल, त्याच्याही नजरेस पडू दे.

17 वर्षं फौजेत नोकरी करून रिटायर झालो तेव्हा जो तो म्हणाला, आता आराम कर. तो आरामच झेपला नाही. युनिटमध्ये शिट्टी झाली की उठायचं, ड्युटी कुठे, बडी कोण, हत्यार कधी जमा करायचं सगळं ठरलेलं, आणि घरी सकाळी उठून करायचं काय हेच कळेना. रात्री दाराची कडी चार-चार वेळा बघायचो, मग अंथरूणच दाराला लागून टाकलं आणि बायकोला सांगितलं आत उकडतं म्हणून. थंडीतही उकडतंच म्हणत होतो, ती बिचारी काही बोलली नाही. कुठे गेलो तर पाठ भिंतीला, नजर दारावर. ताट पडलं तरी मी जमिनीवर. झोपेसाठी पेग सुरू केले, त्याने झोप लागते खरी पण मध्यरात्री असा खडबडून जागा व्हायचो की मग सकाळपर्यंत छत बघत पडायचं.

कोणाला सांगायला जावं तर एकच वाक्य, फौजी ना तू, मग? ह्या 'मग'ला काय उत्तर द्यायचं?

त्या दिवशी पोरीने उठवायला खांद्याला हात लावला. माझे डोळे उघडले तेव्हा तिचं मनगट माझ्या मुठीत होतं. ती रडली नाही. त्यानंतर आठवडाभर ती माझ्या खोलीत यायची तेव्हा हात मागे बांधून यायची.

मग तुम्हाला फोन केला. तुम्ही कसा आहेस वगैरे विचारलंच नाही, थेट म्हणालात, "कडी किती वेळा बघतोस?" मी म्हटलं चार. "मी सहा वेळा बघायचो." बस्स, एवढंच बोललात आणि मी फोनवर किती वेळ रडलो मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी येऊन तुम्ही क्लासच घेतलात माझा. 1915 मध्ये चार्ल्स मायर्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात 'शेल शॉक'बद्दल, म्हणजे लढाईत जवानांच्या मनाला बसणाऱ्या धक्क्याबद्दल लिहिलं, तेव्हा वाटायचं तोफगोळ्याच्या दणक्याने मेंदू हलतो, पण मग असेही जवान निघाले जे स्फोटाच्या आसपासही नव्हते. आणि पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणारा हा आजार, हे नाव अमेरिकन डॉक्टरांच्या आजारांच्या यादीत आलं थेट 1980 मध्ये, तेही व्हिएतनामहून परतलेल्यांनी लावून धरलं तेव्हा. "मोठमोठ्या डॉक्टरांना 65 वर्षं लागली रे, आणि तू तीन महिन्यांत स्वतःला डरपोक ठरवून मोकळा?" असं ऐकवलंत.

मग मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी जी ट्रीटमेंट दिली तिला प्रोलाँग्ड एक्सपोजर म्हणतात, साधारण 8 ते 15 सेशन, एकेक दीड तासापर्यंतचं. डोळे मिटून ती एक घटना आत्ता घडतेय अशी सांगायची, परत सांगायची, त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. सुरुवातीला त्रास वाढलाच, खोटं कशाला बोलू, तिसऱ्या सेशनला मी पार्किंगमधूनच परत निघालो होतो आणि तुम्ही गाडीची चावी खिशात टाकलीत.

पण आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. प्रत्येक वेळी तुम्ही बाहेर बाकावर पेन्सिल घेऊन शब्दकोडं सोडवत बसायचात. मी घामाने भिजून बाहेर आलो की आत काय झालं हे एकदाही विचारलं नाहीत, फक्त "आडवा सहा, तीन अक्षरी, बघ जरा" असं काहीतरी. पाच मिनिटं मी त्यात डोकं घालायचो आणि हात थरथरायचे थांबायचे. आणि रोज सकाळी सहाला फोन, "रिपोर्ट दे." काय रिपोर्ट देणार, झोप चार तास, पेग शून्य, चाललो तीन किलोमीटर. पण कोणालातरी द्यायचाय म्हणून उठायचो तर खरं.

सगळं बरं झालंय असं नाही. कडी अजून बघतो, पण एकदाच. अंथरूण आत गेलंय. पोरगी मला उठवते ती पायाच्या बाजूला लांब उभी राहून, "बाबा, मी आहे" म्हणून, हे डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलं. कधीकधी विसरते आणि थेट अंगावर उडी मारते, आणि मी नुसता दचकतो, एवढंच.

आणि हो, शेवटच्या सेशनच्या दिवशीचं ते कोडं तुम्ही बाकावर विसरलात, माझ्याकडेच आहे. उभा चार, 'रात्रभर जागणारा', पाच अक्षरी. तुम्ही 'रातकिडा' लिहून खोडलंय, एक अक्षर कमी पडतं.

पहारेकरी, उस्ताद. आपल्या दोघांनाही सुचू नये म्हणजे कमाल आहे.