एवढं धूड अलास्काला कसं गेलं

सीडर रॅपिड्स, आयोवा
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय नंदे,

सप्रेम नमस्कार.

मी विकलेल्या क्विल्टिंग मशीनबद्दल "एवढं धूड अलास्काला धाडलंस तरी कसं गं?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी "सविस्तर कळवते" म्हणून विषय आवरता घेतला. तुझ्या दिरांच्या एम्ब्रॉयडरी मशीनला गुवाहाटीचं गिऱ्हाईक लागलंय हे ऐकल्यावर म्हटलं, हे लिहूनच पाठवावं. फोनवर अर्धं राहून जातं, आणि राहतं तेच नेमकं महागात पडतं.

आधी मशीनबद्दल. हे क्विल्ट, म्हणजे इथल्या तीन थरांच्या गोधड्या, टाचायचं मशीन. तू फोटो पाहिलायस, पण त्यात त्याचा पसारा कळत नाही. आपल्या नेहमीच्या शिलाई मशीनमध्ये सुई जागच्या जागी चालते आणि कापड आपण सरकवतो. इथे उलट आहे. वरचा थर, मधला कापूस आणि खालचं अस्तर 12 फुटी टेबलावरच्या रोलरांवर ताणून बसवायचं, आणि चाकांवर उभं असलेलं मशीनच दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे, आडवं-तिडवं फिरवायचं. सुईपासून मागच्या खांबापर्यंत 26 इंच मोकळी जागा. तेवढ्या पट्ट्यात नक्षी काढायची, मग रोलर फिरवून पुढचं कापड घ्यायचं. माझं मशीन एपीक्यूएस कंपनीचं. त्यांचा कारखाना कॅरोल गावात, आमच्याच हायवे 30 वर पश्चिमेला. त्यामुळे काही अडलं की गाडी काढून थेट कारखाना गाठायची सोय होती. आता ते अलास्कात गेलं म्हणजे ते घेणाऱ्या बाईंना ती चैन नाही, हे मला पहिल्यापासून डाचत होतं.

त्या मशीनने मला बरंच दिलं. इथे बायका वरचा थर हौसेने जोडतात, पण टाके घालायला दुसरीकडे देतात. चौरस इंचाला 2 सेंट धरलेस तर 90 बाय 90 इंचांच्या क्विल्टचे 162 डॉलर होतात. आजीने वाकळीला धावदोरा घालताना असा हिशोब केला असता तर आजोबांना शेत विकावं लागलं असतं! विकायचं कारण तुला माहीतच आहे. हे घर सोडून आम्ही मुलीजवळ मिनियापोलिसला फ्लॅटमध्ये जातोय, आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या खोलीतही हे टेबल तिरकंसुद्धा मावत नाही.

तू म्हणालीस, "इकडेच पाठवायचंस." अगं, इथली वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ आणि आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. देशाबाहेर लाकडी पेटी पाठवायची तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवल्याचा शिक्का त्यावर लागतो, म्हणजे किडा-मुंगी परदेशी जात नाही. पुढे कस्टम, जुन्या यंत्राची किंमत ठरवणं, आणि एक बेल्ट तुटला की इचलकरंजीत तो मिळणार कुठे? नकोच ते.

गिऱ्हाइकं खूप आली, त्यातली निम्मी लबाड. त्यांची एक ठरलेली तऱ्हा आहे. मशीन न पाहताच "घेतलं" म्हणायचं, बँकेचा चेक किमतीपेक्षा जास्तीचा पाठवायचा, आणि "वरचे पैसे माझ्या ट्रकवाल्याला देऊन टाका" म्हणायचं. तो चेक खोटा असतो. ते बँकेला उशिरा कळतं, तोवर आपले खरे पैसे गेलेले असतात. ट्रकवाला माझाच येईल असा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ नाही म्हणत गेले. दिरांनाही हे सांग. एवढी एक गोष्ट सांगितलीस तरी पत्र लिहिल्याचं सार्थक.

शेवटी घेतलं ते पाल्मरच्या एका निवृत्त शिक्षिकेने. पाल्मर हे अँकरेजपासून 40 मैलांवरचं शेतीचं गाव. 1935 साली मंदीच्या काळात सरकारने मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधली दोनशेच्या वर शेतकरी कुटुंबं नेऊन तिथे वसवली. उन्हाळ्यात तिथे दिवस मावळतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे जत्रेत माणसाला उचलणार नाहीत असे कोबीचे गड्डे येतात. बाई मोठ्या चौकस. व्हिडिओवर माझ्याकडून टाके घालून घेतले आणि लगेच म्हणाल्या, "आता कापड उलटं करून दाखवा." वरचा टाका कोणीही छान दाखवेल, दोऱ्याचा ताण बिघडलेला असेल तर ते खालून कळतं. तिथेच मला त्या आवडल्या. किमतीची बोलणी चुटकीसरशी मिटली. खरी बोलणी झाली ती भाड्याची.

इथे जिकडे तिकडे "अमेरिकेत कुठेही पाठवणी मोफत" असं लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरांत म्हटलेलं असतं की ते खालच्या 48 राज्यांपुरतं. अलास्का त्यात धरत नाहीत. रस्ता आहे, 1942 साली युद्धाच्या धामधुमीत लष्कराने बांधलेला, पण तो कॅनडातून जातो. म्हणून बहुतेक माल वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा बंदरापर्यंत ट्रकने आणि तिथून तीनेक दिवस जहाजाने जातो. शिवाय 1920 चा जोन्स ॲक्ट. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं आणि अमेरिकी खलाशांचं हवं. साहजिकच जहाजं मोजकी आणि भाडं चढं. अलास्कातली माणसं या कायद्याच्या नावाने बोटं मोडतात, आणि आमचं बिल पाहिल्यावर मीही मोडली.

आता सुटं करण्याची कथा. मशीन तळघरात होतं. ह्यांनी आधी फर्मान काढलं, "चौघं बोलावू आणि अख्खं उचलू." मी ऐकलं नाही. हेड, म्हणजे टाके घालणारा मुख्य भाग, वेगळं, त्याखालची गाडी वेगळी, रूळ वेगळे, रोलर वेगळे, पाय वेगळे. सुई, बॉबिन, दोऱ्याचा दांडा, हँडल, स्क्रीन असं बाहेर डोकावणारं जे जे होतं ते आधी काढलं. बाहेर राहिलेलं प्रवासात मोडतंच. प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंनी रंगाऱ्याची निळी चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहिला, अमक्याला अमकं जुळतं असा. बोल्ट ज्या सांध्याचे, त्या आकड्याच्या पिशवीत. प्रत्येक पायरीचा फोटो काढला, आणि तोही जोडणाऱ्याच्या बाजूने. ह्यांना हे सगळं फाजील वाटलं. (पुढे त्या बाईंचा फोन आला तेव्हा स्पीकरवर "नंबर घातले म्हणून बरं झालं" हे वाक्य ह्यांनीच ऐकलं. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.)

हेडला मूळची पेटी असली तर त्यासारखं सुख नाही. आमची होती. तळाच्या जाड प्लायवुडला हेड बोल्टने आवळायचं, मग बाजूंना घट्ट फोम. सैल भरलेला मऊ फोम काही कामाचा नाही. तो दोन धक्क्यांत दबतो आणि मशीन आतल्या आत नाचू लागतं. सुईचा दोरा पकडणाऱ्या हुकाला तेलाचा हात दिला, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या आणि सगळं जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, कारण समुद्राची हवा.

डोकेदुखी ठरले ते रोलर आणि रूळ. बारा फुटी, आत पोकळ. रूळ केसभर वाकला तरी मशीन त्यावरून हेलकावत जातं आणि टाका वाकडा पडतो. मग मला गालिच्यांचं दुकान आठवलं. इथे गालिचा 12 फूट पन्ह्याचा येतो आणि तो गुंडाळलेला असतो तो पुठ्ठ्याचा नळा त्याहून थोडा लांब, हाताने दाबला तर दबणार नाही इतका टणक. दुकानदार ते नळे फेकूनच देतो. त्याने हसत हसत हवे तेवढे दिले. एकेका नळ्यात एकेक रोलर, त्यावर चढवलेल्या कॅनव्हासच्या पट्ट्यांसकट, आणि टोकांना लाकडी बुचं. आयोवातल्या गालिचावाल्याइतका उपयोगी माणूस मला साऱ्या प्रकरणात दुसरा भेटला नाही, आणि त्याने एक सेंट घेतला नाही.

एवढ्या लांब पेटीला वेगळे पैसे पडतात हे चौकशीत कळलंच. पण भाड्याचं मुख्य गणित वजनाचं नसून घनतेचं आहे. इथे मालाला 50 पासून 500 पर्यंत वर्ग असतात. पेटीत हवा जितकी जास्त, तितका वर्ग चढा, कारण ट्रकमधली जागा तू अडवतेस. आमचं सगळं मिळून 600 पौंड, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास. ह्यांनी पेटीची उंची सुताराकडून सहा इंच कमी करून घेतली, पाय रोलरांच्या मधल्या फटीत बसवले आणि भाडं डोळ्यांत भरेल इतकं उतरलं. मापं मात्र खरीच लिहायची. वाहतूकवाल्यांच्या डेपोत पुन्हा मोजतात आणि फरक निघाला की वाढीव बिल मागाहून येतं. घरी ट्रक बोलावला तर त्याचे पैसे वेगळे, ट्रकच्या मागच्या उचलपाटाचे वेगळे. म्हणून आम्ही भाड्याच्या ट्रेलरवर घालून पेट्या स्वतःच डेपोत नेल्या. तिकडे बाईंनीही डेपोतूनच घेतल्या.

विम्याचं नीट वाच, दिरांना वाचून दाखव. इथे 1906 पासून कायदा आहे की वाटेत माल बिघडला तर वाहतूकवाला जबाबदार. ऐकायला छान. पण जुन्या मालाला ते आपली जबाबदारी कागदावर इतकी आखडून घेतात की विचारू नकोस. आमच्या कागदावर होतं पौंडाला 10 सेंट. 600 पौंडांचे झाले 60 डॉलर! म्हणजे अख्खं मशीन समुद्रात गेलं तर आम्हा दोघींच्या नशिबी एका बऱ्याशा हॉटेलातलं जेवण. मी वेगळा विमा उतरवला. आपल्याकडे बिल्टीवर "ॲट ओनर्स रिस्क" (जोखीम मालकाची) छापलेलं असतं, त्याचा अर्थही तोच. मशीनच्या पूर्ण किमतीचा ट्रान्झिट विमा वेगळा काढायला सांग, आणि तो गुवाहाटीच्या दारापर्यंतचा आहे ना ते बघ. किंमत 50,000 रुपयांच्या वर आहे म्हणजे ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागणारच, ते त्यांचा हिशोबनीस बघेल.

बाईंना मी आधीच कळवलं होतं की सही करण्यापूर्वी नग मोजा, चारही बाजूंचे फोटो काढा, आणि जे फुटलेलं दिसेल ते पावतीवरच स्पष्ट लिहा. "तपासणीच्या अधीन" असलं मोघम लिहून चालत नाही. आत लपलेलं नुकसान निघालं तर कळवायला फक्त पाच कामाचे दिवस मिळतात. ड्रायव्हर घाई करतो, त्याला करू दे. पेटी उभीच ठेवायची, आडवी केली की लाल होणारं स्टिकर मी हेडच्या पेटीला लावलं होतं. ते लाल झालेलं निघालं आणि एक कोपरा फुटलेला. कुठे, कोणी, ते देवाला ठाऊक. बाईंनी दोन्ही गोष्टी शांतपणे लिहिल्या आणि मग सही केली.

पण पेटी उघडायला मी एक दिवस थांबा म्हटलं होतं. बाहेर गोठवणारी थंडी, घरात ऊब. गार लोखंड एकदम उघडं केलं तर त्यावर दव धरतं, तेही हुकाच्या आणि विजेच्या भागांत. प्लास्टिक तसंच ठेवलं की दव वरच्या वर बसतं, आत जात नाही. त्यांना हे सांगायला नको होतं म्हणा, अलास्कातली बाई ती! "आम्ही चष्म्यालाही असंच करतो," म्हणाल्या.

आत सगळं शाबूत. फक्त टेबलाच्या एका पायाचा समतल करायचा स्क्रू वाकला होता, तो त्यांनी गावातच बदलून घेतला. जोडल्यावर पहिल्या दिवशी टाके सुटू लागले. त्यांचा आवाज रडवेला. सुई नवी घातली, तरी तेच. मग कारखान्यातल्या माणसाने व्हिडिओवर बघून सांगितलं की सुई वर येताना हुक तिच्या खाचेपाशी नेमका पोचत नाहीये. वाटेतल्या धक्क्यांनी ते टायमिंग किंचित सरकतं. तो स्क्रू सैल करा, हुक एवढासा फिरवा, पुन्हा आवळा. झालं काम. टेबल दोन्ही दिशांनी समतल करायला मात्र त्यांना संध्याकाळ गेली. थोडा जरी उतार असला तरी हात सोडला की मशीन आपणहून चालू लागतं.

तर दिरांना विचार, मशीन किती डोक्यांचं आहे, आणि गुवाहाटीला जोडून देणारा माणूस कोण. ते ठरल्याशिवाय बोल्टला हात लावू नका. सगळ्या बाजूंची मापं आणि फोटो मला पाठव, ह्यांना सध्या काही उद्योग नाही, पेटीचं चित्र ते आनंदाने काढून देतील. आणि मशीन आलं तेव्हाची मूळ पेटी अजून गोदामात पडली असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका म्हणावं, काही झालं तरी.

तुझीच,
शकू