माईंच्या चौकोनांवरून रेघा नकोत

म्हापसा

प्रिय सुमा,

अख्खा पावसाळा गेला, तुला पत्र नाही. रागावली असशील. आम्ही बरे, गुडघे आहेत तसेच. पण माईंनी भरलेले चौकोन तू गोधडीसाठी मशीनवाल्याकडे देणार आणि तो त्यांवरून टिपेच्या आडव्या-उभ्या रेघा मारणार, हे कळल्यावर राहवेना. थांबव त्याला.

भरीव टाक्याचा दोरा कापडावर मोकळा असतो. मशीनची सुई त्यातून गेली की तो चिरतो. गाठीच्या टाक्यावर मशीनचा पाय अडतो, मग टीप लहानमोठी पडते. टीप उसवता येते गं, माईंचा तुटलेला दोरा कुठून आणशील?

आधी लाल-काळ्या दोऱ्यांवर ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का बघ. मागे लोंबणारे दोरे काप, नाहीतर पांढऱ्या कापडातून ते दिसतात. जाड टॉवेलवर चौकोन पालथे घालून मागूनच इस्त्री फिरव. भरताना कापड आखडतं, म्हणून सगळ्यांत लहान चौकोनाचं माप धर आणि नक्षीच्या मध्यापासून मोजून बाकीचे काप. चौकोन जोडून झाले की अस्तर चारी बाजूंनी २ इंच जास्त ठेव. कच्चे टाके मध्यातून बाहेर घालत जा.

मग चौकोनांच्या जोडावरून टीप, आणि फुलापानांच्या कडेने पाव इंच सोडून हाताने धावदोरा. दोरा चौकोनाच्या कापडाच्या रंगाचा, नक्षीच्या नव्हे. खरी मेख पुढेच आहे. चौकोन तसेच सोडून नुसता काठ दाट शिवलास, तर काठ आखडतो, चौकोन फुगून वर येतात आणि गोधडी कधीच सपाट पसरत नाही. म्हणून देठ आणि पान यांच्यामधल्या रिकाम्या जागेतही टाके घाल, पहिल्या ओळीबाहेर अर्ध्या इंचावर दुसरी ओळ घाल, आणि काठ तेवढाच विरळ ठेव. आत सुटा कापूस असेल तर २-३ इंचांहून मोठी जागा मोकळी सोडू नकोस, धुतल्यावर त्याचे गोळे होतात. जुन्या लुगड्यांचे थर असतील तर ती भीती नाही.

कापड ताणून धरायच्या रिंगवरून आपलं भांडण झालं होतं, ते मी अजून सोडलेलं नाही! नक्षीवर रिंग आवळली की भरलेले टाके चेपतात. लावायचीच तर मोठी लाव आणि रात्री काढून ठेव.

लेकीचं कॉलेज सुरू झालं का? भावोजींचं दुकान कसं चाललंय? लिही सगळं.

चौकोनांच्या कापडाचा तुकडा पाकिटातून पाठव. इथल्या शुक्रवारच्या बाजारात त्याला जुळणारा सुती दोरा बघते.

तुझी,
शालन