इंडोनेशिया म्हणजे नुसतं बाली नाही, तिथल्या समर स्कूलबद्दलही लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंडोनेशियावर पानभर लेख होता, बाली, समुद्र, हॉटेलं आणि शेवटी तिकडेही रामायण-महाभारत आहे एवढं एक वाक्य. लेख वाईट नव्हता, पण आपल्याकडे इंडोनेशियाचा विषय निघाला की गाडी दरवेळी इथेच येऊन थांबते, म्हणून हे पत्र लिहितेय. मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय महाभारताची जावामधली रूपं, आणि मागच्या वर्षी जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात इंडोनेशियन स्टडीजमध्ये रिसर्च करणाऱ्यांसाठी तीन आठवड्यांचं समर स्कूल असतं ते करून आले.

जाताना माझ्या वहीत दोन कॉलम आखलेले होते, "मूळ" आणि "बदल". म्हणजे महाभारत आपलं, ते तिकडे गेलं, काय काय बदललं ते टिपायचं की चॅप्टर तयार. वायांगमध्ये, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळात, द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको असते आणि शिखंडीची श्रीकांडी होते, ती बाई आहे, तिरंदाज आहे आणि अर्जुनाची बायको आहे, हे सगळं मी वाचून गेले होते आणि "बदल" खाली लिहूनही टाकलं होतं. तिथे बॅचमधल्या एका जावानीज मुलीने वही बघून सहज विचारलं की हा बदल कुणासाठी, आम्ही तर लहानपणापासून हीच श्रीकांडी ऐकतोय. मग तिने सांगितलं की त्यांच्याकडे खेळात नाव काढणाऱ्या मुलींना श्रीकांडी म्हणतात. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये इंडोनेशियाला पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक मिळालं, रौप्य, तेही मुलींच्या तिरंदाजी टीमला, आणि त्यांनाही श्रीकांडीच म्हटलं गेलं. आणि सेमारचं काय करायचं? तो वायांगमधला जाडा विदूषक, पांडवांचा सेवक पण खरा देव, तो आपल्या महाभारतात नाहीच, त्याला कुठल्या कॉलममध्ये बसवणार.

भाषेचं तर त्याहून जास्त. संस्कृत येतं म्हणून मी निवांत होते, आणि जुन्या जावानीज भाषेसाठी ते उपयोगी पडतं हे खरंच आहे, डच अभ्यासक झूटमुल्डर यांच्या १९८२ साली निघालेल्या जुन्या जावानीजच्या कोशात जवळपास निम्मे शब्द संस्कृतातून आलेले आहेत. पण तिथेच पाय घसरतो. आजच्या इंडोनेशियनमध्ये "नगारा" म्हणजे देश, नगर नाही, "सास्त्रा" म्हणजे साहित्य आणि "दोसा" म्हणजे पाप. ओळखीचा शब्द दिसला की आपण अर्थ बघायचा सोडून पुढे जातो, माझं पहिल्या आठवड्यातलं निम्मं भाषांतर असंच चुकलं. डिक्शनरी बघायची तर तेही आधी शिकावं लागतं. "मनुलिस" म्हणजे लिहिणे, हा शब्द म मध्ये शोधत बसलात तर सापडणारच नाही, तो "तुलिस" खाली असतो, कारण शब्दाच्या आधी उपसर्ग लागला की मूळ शब्दातला त गळून जातो. शिवाय १९७२ मध्ये स्पेलिंग बदललं, त्याआधीच्या पेपरांत आणि पुस्तकांत च चा आवाज रोमन लिपीत "टीजे" (tj) असा दोन अक्षरांनी लिहिलेला असतो, त्यामुळे जुन्या कॅटलॉगमध्ये नव्या स्पेलिंगने सर्च केलं की काहीच हाती लागत नाही आणि आपल्याला वाटतं मटेरियलच नाही. या गोष्टी घरी बसून कुणी सांगत नाही हो.

एक दुपार अजून आठवते. आम्हाला ताडपत्राची एकेक पट्टी आणि छोटा सुरा दिला, त्यावर अक्षरं कोरायची. कोरून झालं तरी पट्टी कोरीच दिसत होती, मला वाटलं माझंच चुकलं. मग काजळी आणि तेल लावून पुसल्यावर अक्षरं एकदम काळी होऊन वर आली. माझी चार अक्षरं लिहिताना दोनदा सुरा घसरला, तेव्हापासून पोथीतलं एखादं वाकडं अक्षर दिसलं की लगेच लेखकाची चूक म्हणून खूण करायला हात धजत नाही.

आता कामाचं. आपली मुलं तिकडे जात नाहीत कारण माहितीच नसते. इंडोनेशियात फील्डवर्क करायचं तर टुरिस्ट व्हिसावर चालत नाही, ब्रिन या त्यांच्या सरकारी संशोधन संस्थेकडून रिसर्च परमिट घ्यावं लागतं आणि तिथली एखादी संस्था पार्टनर म्हणून लागते. आमच्या बॅचमधल्या एकाने हे शेवटच्या महिन्यावर ठेवलं आणि त्याचं फील्डवर्कचं अख्खं सीझन गेलं. समर स्कूलचा मोठा फायदा हा की तिथे पार्टनर होऊ शकतील अशी माणसं समोरासमोर भेटतात, चहा पिता पिता विषय निघतो, हे ईमेलवर होत नाही. नुसती भाषा किंवा नाच-गाणं शिकायचं असेल तर इंडोनेशिया सरकारची दर्मासिस्वा ही स्कॉलरशिप १९७४ पासून चालू आहे, तिचंही नाव मी आपल्या कुठल्याच करिअर पानावर पाहिलेलं नाही.

जर्मनी, अमेरिका, कॅनडाची पानं तुम्ही छापताच, छापा. पण वर्षातून एकदा अर्धं पान इंडोनेशियन स्टडीजला द्या, भाषा कुठे शिकता येते, परमिटला कधी अर्ज करायचा, समर स्कूलसाठी रिसर्च प्रपोजल कसं लिहायचं. लिहायला माणूस नसेल तर मी लिहून देते, मानधन नको, फक्त त्या पानावर हॉटेलाचा फोटो लावू नका.

आपली,
एक संशोधक वाचक